आधी पाहुणे व्हा: शेजाऱ्यापाजाऱ्यांत आपली श्रद्धा सांगू पाहणाऱ्यांसाठी

चर्चचं कन्व्हेन्शन, म्हणजे वार्षिक मोठी सभा, संपलं की आमच्या मंडळीत (चर्चच्या लोकांत) दर वर्षी एक लाट येते. स्टेजवरून 'साक्ष द्या, सुवार्ता सांगा' असं ठासून सांगितलेलं असतं. पुढच्या आठवड्यात तरुण संघाची पोरं धर्मप्रसाराच्या पत्रिकांचे गठ्ठे घेऊन सोसायट्यांच्या लेटरबॉक्सांत कोंबत फिरतात. मग सेक्रेटरीचा फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वादावादी, मग महिनाभर लिफ्टमध्ये कोणी नजरेला नजर देत नाही. ज्या काकूंशी रोज कोथिंबीर-मिरचीची देवघेव असायची, त्याही दार लोटून घेतात.

ज्यांना हे नको आहे, पण गप्पही बसायचं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही नुकतेच विश्वासात आलेले असाल, किंवा जन्मापासून चर्चमध्ये असूनही बाहेरच्या माणसापुढे येशूविषयी अवाक्षर काढलं नसेल (आपल्यात हेच जास्त). मी मूळची नगर जिल्ह्यातली, अहिल्यानगर म्हणायची अजून सवय लागायचीय. आता बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एका मोठ्या सोसायटीत राहते. आमच्या मजल्यावर एक माळकरी घर आहे, एक जैन, एक बौद्ध, एक मुसलमान. खाली जे सांगितलंय ते बहुतेक याच मजल्यावर शिकलेलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पाहुणचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते आपलं घर, आपला स्वयंपाक आणि समोर बसलेले 'ते'. सुरुवात उलटी करायची. आधी त्यांच्या घरी जायचं, त्यांच्या हातचं खायचं, त्यांच्याकडे काहीतरी मागायचं. ज्याला घेता येत नाही त्याचं देणं लोकांना खपत नाही.

१. सुरू करण्याआधी एक प्रश्न

'या माणसाने उद्या मला यात रस नाही म्हणून सांगितलं, तर परवा मी त्याला चहाला बोलावेन का?'

उत्तर 'नाही' असेल तर थोडं थांबा. विमा विकणारा लांबचा भाचा अचानक तब्येतीची चौकशी करायला लागला की आपल्याला जे कळतं, तेच त्यांनाही कळतं. काही मंडळ्यांत पाच नावांची यादी करून रोज प्रार्थना करायला सांगतात. प्रार्थना जरूर करा. पण ती यादी फ्रिजवर चिकटवू नका; ज्यांची नावं आहेत तेच एक दिवस पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतात.

२. जवळ काय असावं

फार काही लागत नाही.

- मराठी नव्या कराराची एक जादा प्रत, मोठ्या अक्षरांची. वाटायला नव्हे, कोणी मागितली तर द्यायला. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' सहज मिळतं. त्याची भाषा ज्यांना जड जाते त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' बरं पडतं. दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यामुळे वाचणाऱ्या शेजाऱ्याला नाव ओळखीचं असतं.
- शाकाहारासाठी वेगळी भांडी: एक कढई, एक पातेलं, झारा, सुरी, तवा. खरंच वेगळी, नुसती घासून ठेवलेली नव्हेत.
- भिंतीवर कालनिर्णय. एकादशी, संकष्टी, श्रावण, पर्युषण, रमजान पाहिल्याशिवाय कोणाला जेवायला बोलावू नका.
- दोन घडीच्या खुर्च्या. गुडघे दुखणाऱ्या आजी सतरंजीवर बसू शकत नाहीत आणि तसं तोंडाने सांगतही नाहीत.

पत्रिका, माईक आणि प्रोजेक्टर लागत नाहीत.

३. पहिलं पाणी त्यांच्या घरचं

योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, चौथ्या अध्यायात, येशू विहिरीपाशी बसलाय, दमलाय, आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी मागत नसे. पुढचा सगळा संवाद या मागण्यातून सुरू होतो. जक्कय नावाच्या जकातदारालाही तो 'माझ्याकडे ये' म्हणत नाही, 'आज मी तुझ्या घरी उतरणार' म्हणतो. लूकाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना पाठवताना सांगितलंय की घरोघरी फिरू नका, ज्या घरात घेतील तिथेच राहा आणि ते पुढ्यात ठेवतील ते खा. म्हणजे सुवार्ता सांगणारा आधी पाहुणा असतो, दुसऱ्याच्या मीठभाकरीवर असतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. मराठी ख्रिस्ती घरांतली कितीतरी घरं अशा जातींतून आलीत, ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं. आजही नवीन शेजारी आपलं आडनाव विचारतात, मग 'मूळचे कुठले' विचारतात, आणि तिसऱ्या प्रश्नात त्यांना काय हवंय ते आपल्याला कळतं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सोवळ्या-ओवळ्याचा आणि पाण्याचा त्यांच्या मनातला गुंता मोकळेपणाने लिहिलाय. तो एका दिवसात सुटला नाही. तेव्हा कोणी तुमच्याकडे पहिल्यांदा आल्यावर 'आत्ताच चहा झाला' म्हणालं तर लगेच मनाला लावून घेऊ नका. कदाचित खरंच झालेला असेल. नसेल तरी आग्रह करू नका. तुम्ही त्यांच्याकडे मात्र पाणी मागून प्या.

प्रत्यक्षात करायचं ते असं:

- वाटीभर साखर संपली तर ऑनलाइन मागवू नका, शेजारी मागा.
- स्वयंपाकातलं काहीतरी शिकायला जा. उकडीच्या मोदकाची पारी मला आजही नीट जमत नाही, आणि शेजारच्या काकूंना ते सांगायला फार आवडतं.
- वारीला निघालेल्या काकांना 'यंदा कुठून कुठवर चालणार' एवढंच विचारा आणि तासभर ऐका. मध्येच 'आमच्यात पण असंच असतं' म्हणून आपली गाडी पुढे काढू नका.
- आलेला डबा रिकामा परत करू नका. हा आपल्याकडचा रिवाज आहेच. माझ्या ओट्यावर त्यांचा एक आणि त्यांच्या ओट्यावर माझा एक डबा कायम पडलेला असतो. कोणाचा कुठला हा हिशेब केव्हाच सुटला.

४. प्रसादाचं काय करायचं

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच. गणपतीत शेजारून मोदक येतात, सत्यनारायणाचा शिरा येतो, आणि आपण दारात द्रोण हातात घेऊन उभे.

आपल्या मंडळ्यांत यावर एकमत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत हाच प्रश्न हाताळलाय. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जायचं असेल, तर पुढ्यात वाढलेलं चौकशी न करता खा, असं तो म्हणतो. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. लोक आपल्या सोयीचं एकच पाठ करतात.

माझा रिवाज असा. गणपतीला शेजारी जाते, मुलांनी केलेली आरास बघते, आरती सुरू झाली की मागे शांत उभी राहते. फराळाचं ताट आलं की खाते. प्रसाद घेत नाही, आणि हे मी गणपतीच्या दिवसांत दारात उभी राहून नव्हे, त्याच्या कितीतरी आधी एका निवांत दुपारी सांगून ठेवलंय: 'काकू, तुमच्या हातचं सगळं खाईन, फक्त देवापुढे ठेवलेलं घेत नाही. राग मानू नका.' तोडगा काकूंनीच काढला. त्या नैवेद्याचं ताट वेगळं भरतात आणि आमच्यासाठी मोदक दुसऱ्या पातेल्यात ठेवतात. दर वर्षी दारातून ओरडून सांगतात, 'हे तुमचे बिननैवेद्याचे!' सगळ्या मजल्याला ऐकू जातं.

तुमचं मन वेगळं सांगत असेल तर तसं वागा. आमच्याच चर्चमधल्या एक ताई प्रसाद मनातल्या मनात आभार मानून खातात आणि त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कणभरही कमी नाही. पण दोन गोष्टी कोणीही करू नका. हसून घ्यायचा आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, ही पहिली. घरातली मुलं बघतात, कामाला येणाऱ्या मावशी बघतात, आणि संध्याकाळपर्यंत देणाऱ्यालाही कळलेलं असतं. दुसरी म्हणजे दारातच मूर्तिपूजेवर व्याख्यान. त्या बाईंनी आठवणीने तुमचा वाटा काढला होता, एवढंच तिथे घडलेलं असतं.

संक्रांतीचा तिळगूळ मी बिनदिक्कत घेते. काही पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) त्यालाही नको म्हणतात. मला त्यात तीळ आणि गुळापलीकडे काही दिसत नाही. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर 'कुंकू लावत नाही, पण वाण घ्यायला आणि गप्पांना येते' असं सांगितलं की चालतं. बायका एवढ्या समजूतदार नक्की असतात.

५. आता त्यांना बोलवा

जेवण नको, चहाच. जेवणात सतरा अडचणी: मांसाहार, कांदा-लसूण, वार, उपास, वेळ. चहावरून गाडी नीट चालली की मग जेवण.

पानात काय असेल ते बोलावतानाच सांगा. माळकऱ्यांना मांस-मासे चालत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण केकमधलं अंडं लोक विसरतात. जैन घरांत कंदमूळ चालत नाही, म्हणजे बटाटेवडा बाद, आणि अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मुसलमान शेजाऱ्यांसाठी मटण हलालच आणा आणि रमने भिजवलेला प्लम केक त्यांच्यापुढे ठेवू नका. काहींना आपल्याकडचं शिजवलेलं काहीच चालत नाही. त्यांच्यासाठी शहाळं आणा, न कापलेली फळं, काजू-बदाम ठेवा आणि चेहरा तसाच हसरा ठेवा. अंडं घातलेलं असताना 'नाही घातलं' असं कधीही सांगू नका. एवढ्या एका खोट्यापुढे तुमची नंतरची कुठलीही साक्ष टिकणार नाही.

बोलवायला सगळ्यात सोपे दिवस नाताळचे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असतोच: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू. दिवाळीत त्यांच्याकडून ताट आलेलं असतं, नाताळात आपलं जातं. वसईकडच्यांनी फुग्या करा, गोव्याकडच्यांनी दोदोल. मात्र ताटाबरोबर पत्रिका ठेवू नका. क्रोशाचा रुमाल घालून नुसतं ताट द्या.

गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, देखाव्याची एक युक्ती सांगते. दिवाळीत किल्ला करणारी पोरं डिसेंबरात रिकामी असतात. त्यांना आईवडिलांना विचारून बोलवा आणि गोठा त्यांच्याकडून करून घ्या. माती, विटा, पोत्याचं कापड, वर पेरलेले अळीव, सगळं त्यांच्या हातातलं काम. आमच्या गोठ्याच्या दाराशी गेल्या खेपेला ढाल-तलवार घेतलेला मावळा उभा होता. मेंढपाळ कमी पडले म्हणून पोरांनी किल्ल्यावरचा आणून ठेवला, आणि मी तो काढला नाही. संध्याकाळी आईबाप बघायला येतात आणि 'हे बाळ कोण, गोठ्यात का' हे विचारतात. मग सांगायचं, आणि पाच मिनिटांत थांबायचं. मुलांना एकट्यांना बसवून धर्माचं काहीही शिकवू नका. आईवडील खोलीत असतील तेव्हाच.

कॅरल, म्हणजे नाताळची गाणी म्हणत फेरी, काढणार असाल तर आधी सेक्रेटरींना भेटून वेळ ठरवा, रात्री दहानंतर स्पीकर बंद, आणि ज्या घरात आजारी माणूस किंवा दहावीचं मूल आहे त्याच्या दारात ढोलकी नको.

बोलावण्यात कोण सुटतं तेही पाहा. लूकाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की मेजवानीला अशांना बोलवा जे परत बोलावू शकत नाहीत. आमच्याकडे हळदीकुंकवाला न बोलावलेल्या विधवा बायका होत्या, रात्रपाळीचे वॉचमन होते, पीजीत राहणारी लातूरची दोन मुलं होती. तुमच्या आवारातही असतील.

६. जेवणाआधीची प्रार्थना

'आम्ही जेवणाआधी आभार मानतो, तुम्ही नुसते बसा' असं सांगा आणि चार वाक्यांत आटपा. प्रार्थनेच्या आडून पाहुण्याला उपदेश करू नका. 'हे प्रभू, या बंधूंचे डोळे उघड' असलं काही तर मुळीच नको. त्या बंधूंचे डोळे उघडेच असतात आणि ते वरणाकडे बघत असतात.

७. बोलायचं कधी आणि किती

पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय की तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारलं तर, हे लक्षात ठेवा. पण कोणी विचारावं असं आपल्या घरात काही दिसलंही पाहिजे. रविवारी सकाळी कुठे जाता, उपास का नाही करत, सासूबाई गेल्या तेव्हा रडलात पण गाणी का म्हणत होतात, असे प्रश्न आपोआप येतात.

आपली गोष्ट तीन मिनिटांत सांगता येईल अशी तयार ठेवा. आधी काय होतं, काय घडलं, आता काय आहे. 'आता सगळं छान आहे' असं सांगू नका, कारण शेजाऱ्यांना भिंतीतून तुमची भांडणं ऐकू येतात. चर्चमधली भाषा घरी ठेवा: 'अभिषेक', 'ओझं', 'आत्मिक लढाई' हे बाहेरच्याला कळत नाही. 'मला फार भीती वाटायची, रात्री झोप लागायची नाही, तेव्हा मी हे वाचायला लागले' हे कोणालाही कळतं.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं उदाहरण पाहा. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेच्या निघाल्या, पुढे धर्माकडे वळल्या, आणि उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचून काढला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्या गृहस्थाने डब्यात वाद घालून टिळकांना हरवलं असतं तर टिळकांनी ते पुस्तक उघडलं असतं असं मला वाटत नाही.

हमखास येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं:

*'तुम्ही मराठी, मग ख्रिश्चन कसे?'* यात बहुतेकदा कुतूहल असतं. आजोबा-पणजोबांची हकीकत सांगा, माहीत असेल तेवढीच. फादर स्टीफन्स यांनी मराठीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला निघालं, हे सांगितलं की गप्पा छान रंगतात.

*'धर्म बदलायला पैसे देतात ना?'* चिडू नका. 'मला तरी नाही मिळाले, उलट दर महिन्याला वर्गणी द्यावी लागते' म्हटलं की हसतात. पण आमिषाचे प्रकार कुठे घडलेच नाहीत असा दावा करू नका. तुम्हाला ते माहीत नाही.

*'सगळे देव एकच ना?'* इथे नवा माणूस घसरतो आणि वाद सुरू करतो. मी विचारते, 'तुम्हाला तुमच्या विठोबात काय सापडतं?' शेजारच्या काकू सांगतात, मी ऐकते. मग मला येशूत काय सापडलं ते सांगते, क्रूसासकट. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, कारण मला तसं वाटत नाही, आणि हे त्यांना ठाऊक असूनही आमचा चहा चालू आहे. त्यांच्या देवांविषयी वाकडा शब्द मात्र कधीच नाही, चेष्टेतही नाही आणि चर्चमधल्या आपापसातल्या बोलण्यातही नाही.

कोणी वाचायला मागितलं तर मार्क किंवा लूक यांनी लिहिलेलं येशूचं चरित्र सुचवा. प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या, गूढ पुस्तकापासून सुरुवात करू देऊ नका.

८. आजारपण आणि मदत

दवाखान्यात कोणी असेल तर आधी डबा न्या, रात्री थांबायला माणूस लागतो का विचारा, मेडिक्लेमच्या कागदांच्या झेरॉक्स काढून आणा. प्रार्थना करायची असेल तर 'तुमच्यासाठी घरी प्रार्थना केली तर चालेल का?' असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, काही जण 'इथेच करा' म्हणतात. मग हळू आवाजात, थोडक्यात, डोक्यावर हात न ठेवता.

'गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा' हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाऊ नये. माणूस जिवाला मुकतो. शिवाय चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करणं किंवा साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मदतीला अट जोडू नका, आणि अट आहे असं वाटेल अशा वेळीही देऊ नका. ज्या संध्याकाळी फी भरायला पैसे दिले त्याच संध्याकाळी चर्चला या म्हणू नका. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं काम कोणत्याही जातिधर्माच्या माणसासाठी होतं आणि तरीही ते कुठल्या श्रद्धेतून आलंय हे कोणापासून लपलेलं नव्हतं.

फोटो काढू नका. शेजारी तुमच्या घरी जेवताना, प्रार्थनेत डोळे मिटलेले असताना फोटो काढून 'प्रभूने दार उघडलं' म्हणून मंडळीच्या ग्रुपवर टाकणं मला अक्षम्य वाटतं. तो फोटो फिरत फिरत त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोचतो. त्यांच्या घरातली दुखणी 'प्रार्थना विनंती' म्हणूनही नावानिशी सांगू नका.

९. कायद्याचं थोडक्यात

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध मध्य प्रदेश, गुजरातसह अनेक राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत, आणि ते बदलत असतात. इंदूर-बडोद्याच्या मराठी वाचकांनी हे खास ध्यानात ठेवावं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनीही आज काय नियम आहे ते पाळकसाहेबांच्या ओळखीच्या वकिलाला विचारून घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या माहितीवर चालू नका, आपल्या बाजूच्याही नाही.

१०. 'मला पुढे जायचंय' असं कोणी म्हणालं तर

आनंद होईलच, पण घाई करू नका. आधी साध्या रविवारी चर्चला न्या, मोठ्या सभेला नको. कंटाळवाणं प्रवचन आणि बेसूर गाणीही त्यांना बघू देत. पाळकांशी भेट घालून द्या. घरी सांगितलंय का, हे विचारा. नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून काही करू नका, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत विषयच काढू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र संसार सुरू झाल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपणहून, आपल्या वेळेला झाल्या.

नाव बदल, मंगळसूत्र काढ, साडी सोडून दे असलं काही सांगू नका. नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले आणि अभंग लिहीत राहिले.

कागदपत्रांचे परिणाम आधी सांगा, बाप्तिस्म्यानंतर नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागेवरून लढवलेली निवडणूक, सगळ्यावर याचा परिणाम होतो. अनुसूचित जमातीचा दर्जा त्या आदेशाप्रमाणे धर्माशी बांधलेला नाही. धर्मबदलाची नोंद शासन राजपत्रात करता येते. बाप्तिस्म्याचा दाखला चर्च देतं, तो जपून ठेवायला सांगा. हे ऐकून कोणी 'मला विचार करू द्या' म्हणालं तर करू द्या, वर्षभर लागलं तरी.

११. 'नको' म्हणाले तर

बहुतेक जण नकोच म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. विषय पुन्हा आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर बोलायचं. मधल्या काळात दोन्ही बाजूंना थोडं अवघडल्यासारखं होतं, त्यांना वाटतं आता हे यायचे बंद होणार. म्हणून त्याच आठवड्यात त्यांच्याकडे काहीतरी मागायला जा. शिडी, ड्रिल मशीन, विरजण, काहीही. आणि परत करताना नेहमीसारखं आत जाऊन बसा.